घोळक्याला अकरा

पास्कल सरांनी मला आयुष्यात तीनदा नापास केलं. पहिल्यांदा नववीत, विज्ञानात. दुसऱ्यांदा मी पंचेचाळिशी ओलांडल्यावर, त्यांच्या सांडोरच्या घराच्या ओट्यावर, कॅमेरा कसा धरावा या विषयात. तिसरी वेळ पुढे येईलच. नववीत त्यांनी फेरपरीक्षा घेऊन मला दहावीत ढकललं होतं. ओट्यावर तशी सोय नव्हती. "कोपर पोटाला लाव," ते म्हणाले. मी लावलं. "आता पोट आत घे." मी घेतलं, म्हणजे घेतलं असं मला वाटलं. सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "राहू दे. त्या पोटाचाच स्टँड कर."

सर जाऊन आता वर्ष होत आलं. उंच, काटकुळे, बारा महिने अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट. शर्टाच्या खिशात, बरोबर हृदयावर, कायम एक चार्ज केलेली बॅटरी. जुन्या बॅटरीला अंगाची ऊब मिळाली की दोन फोटो जास्त निघतात, असा त्यांचा सिद्धान्त होता. अनोळखी माणसाला वाटायचं, यांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टर थोडं सामान बाहेरच विसरले.

माझा आणि त्यांच्या कॅमेऱ्यांचा संबंध आला तो आमच्या माळ्यामुळे. मुलगी झाली तेव्हा, नव्या बापांना होतं तसं मलाही झालं आणि मी एक मोठा, काळा, गळ्यात अडकवायचा डिजिटल कॅमेरा घेतला. तिचे पहिले दोन वाढदिवस त्यावर निघाले. तिसऱ्यापर्यंत फोनमध्ये बरा कॅमेरा आला आणि हा माळ्यावर गेला. तिथे त्याला आकाशकंदील आणि माझा पोट कमी करायचा पट्टा अशी सोबत होती. बरीच वर्षं तिघांनी एकमेकांना धरून काढली. मग एकदा वसईच्या बाजारात अळूच्या जुड्या निवडताना सर भेटले, आणि मी सहज म्हणालो की असा असा कॅमेरा पडून आहे, कोणाला हवा असला तर सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्कूटर घेऊन आमच्या दारात.

"कुठाय?"

"सर, या ना, चहा..."

"आधी तो."

मी खाली काढून दिला. त्यांनी लेन्सचं झाकण उघडून आधी वास घेतला. मग खिडकीकडे धरून आत बघितलं.

"बुरशी लागलीये याला."

"कुठे, सर?"

"आत. तुला नाही दिसायची. नववीत तुला सूक्ष्मदर्शकात काय दिसलं होतं, आठवतं?"

आठवत होतं. अमीबा म्हणून मी स्वतःच्या पापणीची आकृती काढली होती, भागांना नावं देऊन. हे मी घरात कोणाला सांगितलेलं नव्हतं. आता बायकोला, म्हणजे मीनलला, आणि मुलीला दोघींनाही एकदमच कळलं.

सर कॅमेरे विकत घेत नसत. सांभाळायला घेत. माझ्या कॅमेऱ्याच्या बदल्यात त्यांच्या वाडीतली राजेळी केळ्यांची फणी आली. मीनलच्या मते या व्यवहारात आम्ही सरांना फसवलं.

सरांकडे असे नऊ-दहा कॅमेरे होते. सगळे जुने, सगळे कोणीतरी टाकलेले. कंपन्यांची नावं आणि आकडे सर तोंडी आणत नसत. ज्याच्याकडून कॅमेरा आला, त्याचं नाव कॅमेऱ्याला. वसई कोर्टातल्या वकिलांचा तो 'वकील'. पापडीच्या दातांच्या डॉक्टरांचा तो 'डॉक्टर'. विरारच्या एका बाईंनी सासरे गेल्यावर त्यांचा दिला, तो 'सासरा'. आणि माझा 'सुहास'.

यामुळे त्या घरात कधीही गेलं तरी काहीतरी भयंकर ऐकू यायचं. "सासऱ्याला जरा उन्हात ठेव." "डॉक्टरला फडक्यात गुंडाळून कपाटात टाकलाय." "वकिलाचं तोंड उघडत नाही, पकड आण." गावात नव्यानं आलेले फादर एकदा घराला आशीर्वाद द्यायला आले, तेव्हा हे शेवटचं वाक्य ऐकून दारातच थांबले होते म्हणतात. माझी तर तिथे रोजच चिरफाड चाले. मी समोर बसलेला असताना सर बायकोला सांगत, "सुहासला हल्ली काही सुचत नाही. समोर माणूस उभा असला तरी नुसता घुर्र घुर्र करत बसतो. आणि दहा मिनिटं काम केलं की मान टाकतो." सरांच्या पत्नी सेलीनबाई माझ्याकडे बघून म्हणत, "चहात साखर टाकू ना?"

सर आणि सेलीनबाई आपापसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलत. भांडण रंगात आलं की मला निम्मंच कळे. पण सेलीनबाईसुद्धा शाळेत मराठी शिकवत होत्या. त्या मध्येच थांबून माझ्यासाठी शुद्ध भाषेत सारांश सांगत. "मी त्यांना म्हटलं की घरात माणसांना बसायला खुर्ची नाही. त्यावर त्यांचं म्हणणं, माणसं उभी राहू शकतात."

नवे कॅमेरे इतके चांगले असताना हे कशाला, असं सरांना एकदाच विचारायचं धाडस मी केलं. त्यांनी मला वाडीत नेलं आणि केळीच्या पानापुढे उभं केलं. "नव्यात हे पान प्लॅस्टिकचं दिसतं. जुन्याला कमी दिसतं, पण दिसतं तेवढं पानासारखं दिसतं." मग कॅमेऱ्याच्या पाठीवरचा काडेपेटीएवढा पडदा दाखवला. त्यावर फोटो बरा आला की वाईट ते कळायचं नाहीच. घरी जाऊन कॉम्प्युटरवर चढवल्यावर कळणार. सरांना नेमकं तेच आवडे. "लगेच निकाल लागला की पोरं अभ्यास करत नाहीत."

कॅमेऱ्यांचं रबर निघालं की ते सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवत, त्यामुळे सर एखाद्या लग्नात शिरले की सायकलच्या दुकानाचा वास येई. आणि कार्डं. जुनी, जाड, ग्लुकोजच्या बिस्किटाएवढी. त्यावरचे आधीच्या मालकांचे फोटो सर कधी पुसत नसत. माझ्या मुलीचे दोन्ही वाढदिवस 'सुहास'च्या कार्डावर तसेच होते. "पुसा हो सर," मी म्हटलं, "माझ्याकडे आहेत ते."

"भाड्यानं घर घेतलं की मालकाचं सामान रस्त्यावर टाकतो का आपण? उरलेल्या जागेत राहायचं."

उरलेली जागा म्हणजे दोन-चार फोटोंची. म्हणून सर एका प्रसंगाचा एकच फोटो काढत आणि तो नीट यावा म्हणून समोरच्यांचा जीव काढत. त्यांचा एक पाढाच होता. एकट्याला चार, दोघांना आठ, घोळक्याला अकरा. हे आकडे लेन्समधल्या भोकाचे. आकडा मोठा तितकं भोक लहान. अकरावर ठेवलं की पुढच्या रांगेतल्या पोरापासून मागच्या रांगेतल्या आजोबांपर्यंत सगळे रेखीव येतात. फक्त उजेड आत जायला वेळ लागतो, आणि तोवर कोणी हलायचं नाही. म्हणून सरांची ती सुप्रसिद्ध आज्ञा: "श्वास धरा." सांडोरमध्ये लग्न ठरलं की दम्याची माणसं आधी चौकशी करत, फोटोला सर आहेत का.

आमच्याकडची समुद्राची हवा कॅमेऱ्याला वाईट. दमटपणा काचेत शिरतो आणि बुरशी धरते. त्यावर सरांनी शास्त्रशुद्ध उपाय काढला. तांदूळ ओलावा ओढून घेतो. सेलीनबाईंनी वर्षाचा तांदूळ भरून ठेवलेलं पिंप घरात होतंच. सरांनी सगळे कॅमेरे पिशव्यांत घालून त्यात पुरले आणि कोणाला सांगायचं विसरले. संध्याकाळी सेलीनबाई मापटं घेऊन पिंपात वाकल्या आणि पहिल्याच मापाला 'डॉक्टर' वर आला.

"मी तुमच्या सरांना विचारलं," मला सारांश मिळाला, "भात तांदळाचा करू की डॉक्टरांचा?"

कॅमेऱ्यांचा दमटपणा गेला. पण त्या वर्षी तांदळाला टोके लागले होते, ते बारीक काळे किडे. त्यातला एक 'वकिला'त शिरला. आणि हे कळलं ते नेमकं शेजारच्या घरच्या लग्नात.

आमच्या बाजूला ख्रिस्ती लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायला जातात. नवरी मध्ये, बायका डोक्यावर कळश्या घेऊन, मागे बँड. सरांनी सगळ्यांना विहिरीभोवती उभं केलं. 'वकील' स्टँडवर चढवला, अकरावर ठेवला, डोळा काचेला लावला. मी दिवा धरून शेजारी होतो.

"श्वास धरा."

सगळ्यांनी धरला. सर बटण दाबीनात.

"सर," मी हळूच म्हटलं, "काय झालं?"

"किडा. नवरीच्या गालावर आहे."

मी नवरीकडे बघितलं. काही नव्हतं. किडा आत, काचेवर चालत होता.

"नाकावर आला," सर डोळा न हलवता म्हणाले, जरा मोठ्यानं. "नाकावरून जाऊ दे, मग घेतो."

नवरीनं डोक्यावरच्या कळशीचा एक हात सोडून नाकावर मारला.

"तुझ्या नव्हे गं. माझ्या."

आता नवरीच्या आईनं सरांच्या नाकाकडे बघितलं. बँडमधला ट्रम्पेटवाला मघापासून ट्रम्पेट तोंडाला लावून श्वास धरून होता. त्याला हसू आवरेना, आणि कोंडलेली सगळी हवा ट्रम्पेटमधून एकदम बाहेर पडली. बायका दचकल्या, कळश्या हिंदकळल्या, नवरीचं डोकं भिजलं, आणि किडा बाजूला झाला म्हणून सरांनी त्याच क्षणी बटण दाबलं.

फोटोत नवरी तीन ठिकाणी होती. बायकांचे धुरासारखे लोट होते. हलली नव्हती ती फक्त विहीर, आणि ती मात्र अप्रतिम आली होती, दगडांच्या फटींतल्या शेवाळासकट.

"सर," नवरीची आई फोटो हातात घेऊन म्हणाली, "विहीर आम्ही रोज बघतो."

"बघता. पण इतकी स्पष्ट बघितली होती का?"

'सुहास'चं दुखणं निराळं होतं. त्याच्या आतल्या काचेवर कसलासा डाग पडला होता. काढलेल्या प्रत्येक फोटोत वर उजव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका आणि त्याला दोन बाजूंना पुसट पंख. किल्ल्याच्या फोटोत बुरुजावर घार. शेजारच्या शेतात भाताच्या उडव्यांवर घार. सर म्हणत, शोभा येते. पण मग नाताळात त्यांनी देवळातल्या, म्हणजे आमच्याकडच्या चर्चमधल्या, येशूजन्माच्या गोठ्याचा फोटो काढला, आणि बाळ येशूच्या डोक्यावरही घार.

"देवळात घार कशी शिरली?" सेलीनबाईंनी विचारलं.

"दारं उघडी होती," सर म्हणाले.

मी लाजून डाग साफ करून घेऊ म्हणालो. सरांनी औषधाच्या दुकानातून बाळांचं नाक साफ करायचा रबरी फुगा आणला आणि श्वास धरून आत दोनदा हवा मारली. पुढच्या फोटोत घार थोडी खाली आली होती. "बसायला जागा शोधतेय," सर म्हणाले, आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला.

तांदळाच्या भानगडीनंतर कॅमेरे मागच्या खोलीत एका लाकडी कपाटात गेले. कपाटात एक बारका दिवा रात्रंदिवस जळे, उबेसाठी. हळूहळू स्टँड आले, पिशव्या आल्या, जुना कॉम्प्युटर आला, आणि ती खोली सरांची झाली. हे असंच चाललं असतं. पण पुण्याला दिलेल्या त्यांच्या मुलीला, ब्लॉसमला, बाळ झालं. बाळाला घेऊन ती माहेरी काही महिने राहायला येणार, आणि बाप्तिस्मा सांडोरलाच, असं ठरलं. घरात खोल्या दोन.

सेलीनबाईंनी मला फोन करून बोलावलं. "तुमच्या सरांना समजवा. तुमचं ऐकतात."

सर माझं कधीच ऐकत नसत. नववीत मी एकदा बरोबर उत्तर दिलं होतं तेव्हाही ऐकलं नव्हतं. तरी गेलो. सर खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसलेले, रेल्वे फाटकासारखे.

"बाळ झोपेल कुठं?" सेलीनबाई विचारत होत्या. "वकिलाच्या मांडीवर?"

"माळ्यावर ठेवू हे सगळं."

"माळ्यावर यांना बुरशी लागते असं तुम्हीच सांगता."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. स्वतःचाच धडा उलटला की मास्तरांचं असं होतं. मध्ये एक भंगारवाला येऊन गेला होता. त्यानं कपाट बघितलं आणि थेट तराजू काढला. तराजू बघून सरांनी त्याला वाडीच्या टोकापर्यंत पोचवलं. संध्याकाळी मला म्हणाले, "सुहास, किलोवर नाही द्यायची ही. ज्याची त्याला परत देऊ."

"सर, त्यांनी ती नको म्हणूनच..."

"मूल बोर्डिंगात ठेवतात. मोठं झालं की घरी नेतात. उद्या नऊला ये."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. सर स्कूटरवर पुढे, मागे मी, आणि आमच्या मध्ये पिशवीत तो सगळा गोतावळा. खड्डा आला की मी पिशवी सांभाळतोय की पिशवी मला, ते कळत नसे. डिकीत प्रत्येक मालकासाठी सुकेळ्यांचा एकेक पुडा. आमच्याकडे केळी सोलून उन्हात वाळवतात, ती सुकेळी. ज्याला नाही म्हणायचं असतं तो आधी तोंडात टाकतो आणि मग त्याला बोलता येत नाही. सरांचा हिशेब पक्का होता.

वकीलसाहेब कोर्टाजवळच्या ऑफिसात होते. त्यांनी कॅमेरा ओळखला आणि खुर्ची मागे सरकवली.

"घेतलेली वस्तू परत करायला आजवर कोणी आलं नाही माझ्याकडे," ते म्हणाले. "मला नोटीस न देता तुम्ही असं करू शकत नाही."

सरांनी त्यांच्यापुढे पुडा ठेवला आणि कॅमेऱ्याचा काडेपेटीएवढा पडदा चालू केला. त्यात एक तरुण होता, भरघोस केसांचा, नव्या काळ्या कोटात, कोर्टाच्या पायरीवर. साहेबांनी चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं.

"कोण हा?"

मागून त्यांचा कारकून डोकावला. "साहेब, तुम्ही."

साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. सुकेळ्यामुळे असेल. मग कॅमेरा त्यांनी स्वतःच्या खणात ठेवला.

पापडीच्या डॉक्टरांकडे खुर्चीत पेशंट होता. त्यांच्या कार्डावर कावळे होते. एकच कावळा असावा, दवाखान्याच्या खिडकीवरचा, पण डॉक्टरांनी त्याला सगळ्या बाजूंनी घेतला होता. "मला पक्ष्यांचे फोटो काढायचे होते," ते लाजून म्हणाले. "सुरुवात जवळून केली. पुढे जायला वेळ झाला नाही." आणि हातातलं हत्यार ठेवून ते एकेक कावळा बघायला लागले. पेशंट तोंड वासून तसाच. सर त्याला म्हणाले, "मिटा आता. झाला फोटो."

विरारला जाताना मात्र सरांना धाकधूक होती. सहाव्या मजल्यावर त्या बाईंनी दार उघडलं, कॅमेरा बघितला आणि म्हणाल्या, "अहो सर, सासऱ्यांची वस्तू मी मुद्दाम बाहेर दिली. काय सांगू तुम्हाला, बाहेर पडताना ते घराचे फोटो काढायचे. बंद गॅसचा, बंद नळाचा, कुलपाचा. नंतर बसमध्ये बसून खात्री करायचे. माझ्यावर विश्वास नव्हता."

पडद्यावर खरंच तेच होतं. गॅस, नळ, कुलूप. गॅस, नळ, कुलूप. सर बटण दाबत राहिले. मध्ये एक गॅसचाच फोटो आला, पण या वेळी गॅस चालू होता, आणि शेगडीशी या बाई उभ्या होत्या, मान मागे टाकून खळखळून हसत. बाईंनी कॅमेरा स्वतःच्या हातात घेतला.

"हा कधी काढला त्यांनी?" त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "त्यांच्यासमोर मी कधी हसल्याचं आठवत नाही मला."

त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. 'सासरा' देवाच्या फळीखाली ठेवला गेला. परतताना वसई आली तशी सरांनी स्कूटर बाजूला घेतली. मग म्हणाले, "त्या माणसानं फोकस मात्र चुकवला नाही हं."

उरलेले कॅमेरे दोन-तीन खेपांत गेले. शेवटी आमच्या दारात येऊन सरांनी 'सुहास' माझ्या हातात दिला.

"घरात एक सुहास आहे ना," मीनल म्हणाली. "तोही दहा मिनिटांत मान टाकतो."

"याला निदान चार्ज करता येतं," सर म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

ब्लॉसम बाळाला घेऊन आली. मागच्या खोलीत पाळणा लागला. सर दर रविवारी देवळातली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली की सगळ्या मालकांना फोन करत. "वकिलाला चार्ज केलं? उन्हात ठेवू नका. तांदळात तर मुळीच नको." वकीलसाहेबांनी त्या फोनसाठी कारकुनाची नेमणूक केली. पण सेलीनबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, या वेळी सारांश नव्हता, "खोली मिळाली, पण माणूस हरवल्यासारखा फिरतोय. रिकाम्या कपाटात दिवा लावून ठेवतात. मी विझवला तर उठून परत लावतात."

बाप्तिस्म्याच्या आधी आठवडाभर त्या गुपचूप फोनवर होत्या. सरांना वाटलं, केटररशी बोलतायत.

बाप्तिस्मा झाला. वाडीत पांढऱ्या कापडाचा मांडव. सर कोट घालून बाळाला मांडीवर घेऊन बसलेले. त्यांना काही काम नव्हतं. पुण्याच्या जावयानं नवा फोटोग्राफर आणला होता, तो कोणालाही श्वास न धरायला लावता भराभर फोटो काढत सुटला होता, आणि सर त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. एवढ्यात वाडीच्या वाटेनं वकीलसाहेब आले, गळ्यात 'वकील'. मागे डॉक्टर, गळ्यात 'डॉक्टर'. विरारच्या बाई, साडीवर 'सासरा' लटकावून. बाकीचेही. आणि पोटावर आडवा 'सुहास' घेऊन मी.

"या," सेलीनबाई म्हणाल्या. "सगळ्यांनी चार्ज करून आणलेत ना?"

सर उठून उभे राहिले. हात बाळात अडकलेले. नऊ-दहा जुने कॅमेरे एका रांगेत समोर, आणि सगळे त्यांच्याकडे रोखलेले. मला तेव्हा लक्षात आलं, इतक्या वर्षांत सरांचा फोटो मी कुठेच बघितला नव्हता. ते कायम काचेच्या या बाजूला असत.

"मला काय काढताय," ते म्हणाले. "उजेड बघा आधी. वकील, उन्हाकडे तोंड करू नका."

"हरकत नोंदवली," वकीलसाहेब म्हणाले आणि बटण दाबलं. खट्टाक.

"अहो अकरावर ठेवा. डॉक्टर, तुमचं झाकण. झाकण काढा. ताई, पट्टा मध्ये येतोय." खट्टाक. "कोपर पोटाला लावा सगळ्यांनी." खट्टाक, खट्टाक. सरांचा एक हात सुटायला बघत होता आणि बाळ घसरू नये म्हणून परत जात होता. "श्वास धरा. बाळानं नव्हे, तुम्ही धरा." मांडवभर लोक हसत होते. सेलीनबाई त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. शेवटचा खट्टाक झाला. सगळ्यांनी कॅमेरे खाली केले.

माझा तेवढा राहिला. मी बटण दाबून धरलं होतं आणि 'सुहास' नुसता घुर्र घुर्र करत होता. त्याला फोकस सापडेना. लोक जेवणाकडे वळले. सरांचं बोलणं संपलं. त्यांनी खाली बघितलं. बाळ एवढ्या गोंधळात झोपलं होतं. सर हलले नाहीत. त्यांनी श्वास धरला होता. सेलीनबाईंनी त्यांच्या कोटाची कॉलर सारखी केली. आणि तेव्हा, सगळं आटोपल्यावर, 'सुहास'नं खट्टाक केलं.

सरांनी मान वर केली.

"आत्ता? आत्ता काढलास?" ते कुजबुजले, बाळ उठू नये म्हणून. "नापास."

पुढच्या रविवारी आम्ही सगळ्यांची कार्डं सरांच्या कॉम्प्युटरवर बघितली. वकिलांच्या फोटोत सरांचं तोंड उघडं. डॉक्टरांच्या फोटोतही उघडं, दात मात्र सुंदर आले होते. विरारच्या बाईंच्या फोटोत सर बोट दाखवून ओरडताना. सगळ्यात शेवटी माझा आला. सर तो बराच वेळ बघत राहिले. मी निकालाची वाट बघत होतो.

"कोपर हललंय," ते म्हणाले. मग म्हणाले, "घार बरी आलीय."

त्यानंतरही मी सरांना बघितलं, हॉस्पिटलात, पण ते मी धरत नाही. माझ्यासाठी शेवटचं बघणं ते मांडवातलं.

परवा सेलीनबाईंनी मला बरोबर घेतलं. वर्षाची मिस्सा जवळ आली, सरांचा फोटो मोठा करून मागच्या खोलीच्या दारावर लावायचा होता. वसईच्या बाजारातल्या स्टुडिओत गेलो. तिथल्या पोऱ्यानं माझा फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि सवयीनं सरांच्या डोक्यावर, मांडवाच्या पांढऱ्या कापडावर बाण नेला.

"हा डाग उडवतो आधी."

"डाग कुठाय?" सेलीनबाई म्हणाल्या. "घार आहे ती."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे.

"आंटी, मांडवाच्या आत घार कशी येईल?"

सेलीनबाईंनी पर्स बंद केली.

"चारी बाजूंनी उघडाच होता मांडव," त्या म्हणाल्या.